नेम कुणाचा चुकला? हाताने भरलेल्या काडतुसाचा इतिहास

१/
एप्रिल १८५७. मेरठच्या संचलन मैदानावर तिसऱ्या हलक्या घोडदळाच्या ९० स्वारांपुढे काडतुसे धरण्यात आली आणि त्यांपैकी ८५ जणांनी ती घेण्यास ठाम नकार दिला. पुढे काय घडले, हे प्रत्येक इतिहासप्रेमीला ठाऊक आहे. त्याच महिन्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हाइथ येथील सैनिकी नेमबाजी शाळेत दोन रायफलींची कसोटी चालली होती. मेरठचा प्रश्न विश्वासाचा होता आणि हाइथचा मोजमापाचा. हा धागा दुसऱ्या प्रश्नाचा आहे; पण पहिला त्यातून अधूनमधून डोकावत राहील.

२/
'काडतूस' हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. १८५७ मधील एन्फिल्डचे काडतूस म्हणजे कागदाची एक सुरळी. तिच्यात मोजून भरलेली दारू आणि शिशाची गोळी. सुरळीचे टोक फाडायचे, दारू नळीच्या तोंडातून आत ओतायची आणि गोळी गजाने ठासायची. गोळीचे बूड पोकळ असे. बार उडाला की ते फुलून नळीतल्या पिळदार खाचांत घट्ट बसे आणि गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडे.

३/
मग त्यात चरबीचे काय काम? काळी दारू जळाली की तिचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घन राखेच्या रूपाने मागे उरतो. ही राख नळीला आतून चिकटते. चार-सहा बारांनंतर पुढची गोळी आत जाईनाशी होते आणि गेली तरी वेडीवाकडी जाते. वंगण ती राख मऊ ठेवते. म्हणजे ज्या चरबीवरून उत्तर हिंदुस्थान पेटला, तिचे मूळ राखेने भरणाऱ्या नळीच्या एका साध्या अडचणीत होते. मात्र त्या काडतुसात नेमके काय घातले आहे, हे ते दातांनी फाडणाऱ्या शिपायाला सांगण्याची गरज कारखान्याला वाटली नव्हती.

४/
आता हाइथकडे वळू. एन्फिल्डच्या समोर उभी होती जोसेफ व्हिटवर्थची रायफल. व्हिटवर्थ बंदूककार नव्हता. तो मँचेस्टरचा यंत्रनिर्माता. स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण ठरवून देणारा आणि इंचाच्या दशलक्षाव्या भागापर्यंत मोजणारे यंत्र बनवणारा. १८५४ मध्ये सरकारने त्याला एन्फिल्ड रायफली बनवण्याच्या यंत्रांविषयी विचारले, तेव्हा त्याने उलट विचारले: आधी या नळीचा कोणता आकार योग्य, हे कोणी तपासले आहे काय?

५/
कोणीच तपासले नव्हते. मग व्हिटवर्थने मँचेस्टरजवळ रशोम येथे ५०० यार्ड लांबीची बंदिस्त नेमशाळा उभारली, जेणेकरून वाऱ्याचा दोष निकालात येऊ नये. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि फरक मोजायचा, असा त्याचा क्रम. अखेर त्याने ०.४५१ इंचाची षट्कोनी नळी निवडली. एन्फिल्डमध्ये गोळीला एक पूर्ण फेरा घ्यायला ७८ इंच लागत. व्हिटवर्थच्या नळीत फक्त २०. लांब, निमुळती गोळी स्थिर ठेवायची तर तिला वेगाने फिरवले पाहिजे, हे त्याने दाखवून दिले.

६/
हाइथचा निकाल बोलका होता. ५०० यार्डांवर एन्फिल्डच्या गोळ्या मध्यापासून सरासरी सव्वादोन फूट भरकटत होत्या. व्हिटवर्थच्या सुमारे साडेचार इंच. १४०० यार्डांवर एन्फिल्डला लक्ष्य गाठताच येईना. तरीही लष्कराने व्हिटवर्थची रायफल सरसकट स्वीकारली नाही. ती महाग होती आणि तिची अरुंद नळी राखेने लवकर भरे. २ जुलै १८६० रोजी विम्बल्डनच्या पहिल्या राष्ट्रीय नेमबाजी मेळ्यात हीच रायफल लोखंडी घोडीवर पक्की बसवून राणी व्हिक्टोरियाच्या हाती तिची रेशमी दोरी देण्यात आली. ४०० यार्डांवरून सुटलेली गोळी मध्याच्या अगदी लगत लागली.

७/
मुंबई इलाख्यातही असा एक प्रयोगवेडा होता. मुंबई लष्करातील तोफखान्याचा अधिकारी जॉन जेकब. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात मोडत असे आणि तेथल्या वाळवंटी सरहद्दीवर वसलेल्या जेकबाबादेत त्याने वर्षानुवर्षे रायफली आणि गोळ्या पारखल्या. चार खाचांची नळी आणि त्या खाचांत बसणारे उंचवटे असलेली गोळी, ही त्याची रचना. सपाट, मोकळ्या प्रदेशात दूरचा मारा करून गोळी कुठे पडली ते धुळीवरून पाहता येई. १८५८ च्या डिसेंबरात तो तेथेच वारला आणि त्याची रचना फारशी पुढे गेली नाही.

८/
येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ठासणीच्या बंदुकीचा प्रत्येक बार हा हातानेच भरलेला असतो. दारू किती, गोळी कोणती, ती कितपत दाबायची, हे सारे नेमबाजाच्या हाती. दोष असेल तर तोही त्याच्याच हाताचा. अमेरिकेत हा विचार फार पूर्वी एका वेगळ्याच कारागिराने टोकाला नेला होता. पुढे दुर्बिणींची भिंगे घासण्यासाठी ओळखला गेलेला ॲल्व्हन क्लार्क.

९/
१८४० मध्ये क्लार्कने 'खोट्या तोंडा'चे पेटंट घेतले. नळी तयार करतानाच तिच्या पुढच्या टोकाचा एक तुकडा कापून वेगळा ठेवायचा. गोळी भरताना तो पुन्हा जागेवर बसवायचा, त्यातून गोळी सरळ आत ढकलायची आणि बार काढण्यापूर्वी तुकडा काढून घ्यायचा. त्यामुळे गोळी वाकडी शिरत नाही आणि नळीची खरी कड गजाने झिजत नाही. गोळी शेवटचा स्पर्श करते तो या कडेला. ती झिजली की नेम गेला. पुढे भिंगे घासणाऱ्या माणसाला नळीच्या कडेचे मोल आधीच कळावे, यात नवल नाही.

१०/
१८६० नंतर पितळी पुंगळीचे काडतूस आले आणि चित्र पालटले. दारू, गोळी व ठिणगी देणारी टोपी, सगळे एका पुंगळीत, कारखान्यात भरलेले. १८६६ च्या सुमारास टोपीच्या दोन रचना पुढे आल्या. इंग्रज अधिकारी एडवर्ड बॉक्सरच्या रचनेत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच छिद्र असते. अमेरिकन हायरम बर्डनच्या रचनेत दोन बारीक छिद्रे. गंमत अशी की बॉक्सरची पद्धत अमेरिकेत रुजली आणि बर्डनची युरोपात. एका छिद्रातून सुई घालून जळालेली टोपी सहज बाहेर ढकलता येते. पुंगळी पुन्हा भरण्याचा छंद अमेरिकेत फोफावला, त्यामागे हे एक छोटेसे छिद्रही आहे.

११/
ठासणीची श्रेष्ठ की पुंगळीची, याचा जाहीर मुकाबला २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावर झाला. आदल्या वर्षी आयर्लंडच्या संघाने विम्बल्डनची एल्को ढाल जिंकली होती आणि त्या बळावर अमेरिकेला आव्हान दिले होते. अमेरिकेपाशी तेव्हा इतक्या लांब पल्ल्याची स्पर्धेची रायफलच नव्हती. रेमिंग्टन आणि शार्प्स या कंपन्यांनी ती घाईने घडवली. आयरिश संघाकडे डब्लिनच्या जॉन रिग्बीच्या ठासणीच्या रायफली होत्या आणि रिग्बी स्वतः संघात होता.

१२/
सहा-सहा जणांचे संघ. ८००, ९०० आणि १००० यार्ड. प्रत्येक अंतरावर माणशी १५ बार. मधल्या चौकोनाला लागलेल्या गोळीला ४ गुण. पहिल्या अंतरावर अमेरिकेने ९ गुणांची आघाडी घेतली, ती पुढच्या दोन्ही अंतरांवर आयरिश संघाने कुरतडत नेली. त्यांच्या मिल्नरची एक गोळी अचूक मध्यात लागली, पण शेजारच्या लक्ष्याच्या! चार गुण वाया गेले. शेवटचा बार उरला तेव्हा आयर्लंड ९३१, अमेरिका ९३०.

१३/
तो बार होता कर्नल जॉन बोडाइनचा. जिंजर बिअरची बाटली फुटून त्याचा हात नुकताच कापला होता. हाताला रुमाल गुंडाळून तो आडवा झाला आणि १००० यार्डांवरून त्याने मध्य टिपला. ९३४ विरुद्ध ९३१. वृत्तपत्रांनी या हाताची कथा अजरामर केली. परंतु १०८० पैकी दोन्ही संघांत अवघे ३ गुण अंतर राहावे, यावरून ठासणीची पद्धत मुळीच टाकाऊ नव्हती, हेही दिसते. तिच्यात प्रत्येक बार निगुतीने भरला जाई आणि पुंगळीवाल्यांना आता तीच निगुती शिकणे भाग होते.

१४/
कारण अंतर वाढले की काडतुसातला सूक्ष्म फरकही उघडा पडतो. काळ्या दारूवर सुटलेल्या गोळीला १००० यार्ड कापायला सुमारे तीन सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ती नळीच्या सरळ रेषेपासून शंभर फुटांहून अधिक खाली येते. ही घसरण आधीच हिशेबात धरून नळी वर रोखलेली असते. पण हा हिशेब एका ठरावीक वेगाचा. वेगात शेकडा एक इतका फरक पडला, तरी गोळी फूटभर वर किंवा खाली जाऊ शकते. आणि क्रीडमूरच्या मधल्या चौकोनाची बाजू होती तीन फूट. मूठ स्थिर, डोळा तीक्ष्ण, वारा शांत. तरीही नेम चुकतो. दोषी असते ती दारूची एखादी कमी-अधिक चिमूट.

१५/
म्हणून नेमबाजांनी काडतूस कारखान्याच्या हातून पुन्हा आपल्या हाती घेतले. १८८४ मध्ये जॉन बार्लोने 'आयडियल' नावाने पुंगळ्या भरण्याचे हत्यार बाजारात आणले. दिसायला सांडशीसारखे, खिशात मावणारे. टोपी काढणे, नवी बसवणे, पुंगळीचे तोंड आवळणे, गोळी बसवणे, सगळी कामे त्यावर होत. सोबत निघणाऱ्या 'आयडियल' पुस्तिकांमुळे घरगुती अनुभवाला छापील ज्ञानाचे रूप आले. स्वयंपाकघरातल्या मेजावर एक नवी कार्यशाळा उभी राहिली.

१६/
या कार्यशाळेतले काम असे चाले. लोखंडी भांड्यात शिसे वितळवायचे. साचा नीट भरावा आणि गोळी थोडी टणक व्हावी म्हणून त्यात कथील घालायचे. साचा थंड असेल तर गोळीवर सुरकुत्या पडतात आणि अति तापला तर पृष्ठभाग पांढुरका, खरखरीत होतो. सुरकुतलेली गोळी परत भांड्यात. उरलेल्या एकेक करून तोलायच्या. वजनात कमी भरलेल्या गोळीच्या पोटात हवेचा बुडबुडा असणार, म्हणून तीही परत. मग मधमाशांचे मेण आणि चरबी यांचे वंगण, किंवा गोळीभोवती पातळ कागदाचे दोन वेढे.

१७/
दारूचे माप ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे आपल्या सोनाराच्या गुंजेच्या जेमतेम निम्म्याएवढे वजन. सोनार ज्या तराजूवर सोने तोलतो, त्याच जातीच्या तराजूवर ही मंडळी दारू तोलत. कित्येक नेमबाज तर संपूर्ण स्पर्धेत एकच पुंगळी वापरत. प्रत्येक बारानंतर तीच पुन्हा भरायची. दोन पुंगळ्यांच्या पितळात फरक असू शकतो. एकच पुंगळी असली की तो प्रश्नच मिटतो.

१८/
१८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएलने धूररहित दारू सिद्ध केली आणि पुढच्या दशकात ती नेमबाजांपर्यंत पोहोचली. राखेचा जाच संपला, पण धोका वाढला. काळी दारू पुंगळी जवळजवळ पूर्ण भरत असल्याने चुकून दुप्पट भरणे अवघड. नवी दारू थोडक्या जागेत कितीतरी अधिक जोर देते. दुप्पट पडली तरी वरून कळत नाही आणि रायफल नेमबाजाच्या तोंडासमोर फुटू शकते. प्रत्येक पुंगळीत डोकावून पाहण्याची आणि प्रत्येक भरणीची नोंद ठेवण्याची शिस्त अशी जिवाच्या भीतीनेही पक्की झाली.

१९/
या परंपरेचा सर्वश्रेष्ठ कारागीर हॅरी पोप. जन्म १८६१, शिक्षण एमआयटीत. त्याने जुने आणि नवे एकत्र आणले. दारूची पुंगळी मागून भरायची, पण गोळी मात्र क्लार्कच्या 'खोट्या तोंडा'तून पुढून ढकलायची. याचे कारण सूक्ष्म आहे. गोळी मागून खाचांत शिरली की घासले गेलेले शिसे मागे सरकून बुडाच्या कडेला झालरीसारखे लोंबते. पुढून भरली की बूड स्वच्छ राहते. पोपच्या साच्यांत शिसेही टोकाकडून ओतले जाई, म्हणजे बूड निर्दोष उतरे. गोळीचे टोक कसेही असो, बूड जपा, हा त्याचा आग्रह.

२०/
१६ मे १९०१ रोजी कोलोराडोतील बोल्डरच्या सी. डब्ल्यू. रोलंडने पोपच्या नळीतून, टेकण घेऊन, २०० यार्डांवर ओळीने दहा बार काढले. सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या मध्यांतील अंतर भरले ०.७२५ इंच. आजचे दहा रुपयांचे नाणे ठेवले तर दहाही छिद्रे जवळपास झाकली जातील, आणि हे सुमारे १८३ मीटरवरून! पुढे कित्येक दशके नेमबाज आपली कामगिरी या कागदाशी ताडून पाहत राहिले.

२१/
पोपच्या वाट्याला मात्र सुख आले नाही. १९०६ मध्ये त्याने सॅन फ्रान्सिस्कोत नवे दुकान थाटले आणि लगेचच, १८ एप्रिलच्या भूकंपात व आगीत, सारे गमावले. नंतर जर्सी सिटीत त्याने पुन्हा सुरुवात केली आणि १९५० मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच्या नावाचा दबदबा टिकून होता. त्याच्या हाताला यश येत होते. पण ते का येते, याचा छडा लावण्याचे काम दुसऱ्याने केले.

२२/
तो होता डॉ. फ्रँकलिन मान, मॅसॅच्युसेट्सचा. काही वर्षे वैद्यकी करून त्याने ती सोडली आणि कोंबड्यांच्या खाद्यासाठी हाडे कापणाऱ्या यंत्राचा कारखाना काढला. त्यातून मिळालेला पैसा आणि आयुष्याची कितीतरी वर्षे त्याने एका प्रश्नावर खर्च केली: एकाच नळीतून, एकाच मापाने भरलेल्या दोन गोळ्या वेगवेगळ्या ठिकाणी का लागतात? माणसाचा दोष वगळावा म्हणून त्याने जमिनीत काँक्रीटचा भक्कम चौथरा रोवून त्यावर नळी बसवली. ती बसवताना अनेकदा पोपचीच नळी निवडली. गोळीच्या वाटेत कागदाचे पडदे टांगले. त्यांवरील छिद्रांच्या आकारावरून गोळी सरळ जाते आहे की डगमगते आहे, हे वाचता येई.

२३/
मग त्याने मुद्दाम गोळ्या विद्रूप केल्या. काहींची टोके कापली, काहींच्या बुडाच्या कडेचा लहानसा तुकडा काढला. टोक बिघडलेल्या गोळ्या जवळपास ठरल्या जागीच लागल्या; बूड बिघडलेल्या दूरदूर विखुरल्या. स्पष्टीकरण सरळ आहे. गोळी नळीबाहेर पडते त्या क्षणी मागचा दाबलेला वायू बुडाच्या कडेवरून सुटतो. कड एका बाजूला तुटकी असेल तर वायू तेथून आधी निसटतो आणि गोळीला तिरका धक्का देतो. पोप आपल्या अनुभवाने जे सांभाळत होता, त्याला येथे पुरावा मिळाला.

२४/
बुडबुडा असलेल्या गोळीचेही कोडे असेच सुटते. नळीत गोळी आपल्या आकाराच्या मध्याभोवती फिरते, कारण भोवतालच्या भिंती तिला बांधून ठेवतात. बाहेर पडताच ती आपल्या वजनाच्या मध्याभोवती फिरू लागते. हे दोन मध्य एक नसतील तर गोळी कडेने निसटून वेगळ्या वाटेने जाते. मानने हे सारे १९०९ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. त्यात यशस्वी प्रयोगांबरोबर फसलेले प्रयोगही तितक्याच तपशिलाने दिले आहेत. १९१६ मध्ये तो वारला तेव्हा त्याची सगळी कोडी सुटलेली नव्हती.

२५/
पुढची पिढी याच वाटेने चालली. १९७० च्या दशकात लुई पाल्मिसानो हा डॉक्टर आणि फेरिस पिंडेल हा यंत्रकारागीर यांनी आखूड, रुंद पुंगळीचे 'पीपीसी' काडतूस घडवले. टेकणावरच्या नेमबाजीत ते वर्षानुवर्षे अग्रभागी राहिले. त्या स्पर्धांत आजही नेमबाज पुंगळ्या स्वतः भरतात, अनेकदा मैदानावरच, दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात.

२६/
यंत्रनिर्माता, तोफखान्याचा अधिकारी, भिंगकार, अभियंता, वैद्य. या इतिहासातली बरीच माणसे बंदूककार म्हणून जन्माला आली नव्हती. त्यांनी नेम चुकल्याचा ठपका नशिबावर किंवा वाऱ्यावर ठेवण्याआधी काडतूस उघडून पाहिले. मेरठच्या स्वारांपुढे धरलेल्या काडतुसात काय आहे, हे ठरवणारे आणि ते हाती घेणारे वेगळे होते. पोप आणि मानच्या मेजावर ही दोन्ही माणसे एकच होती. प्रत्येक गोळीची आणि प्रत्येक चिमटीची नोंद त्यांच्याच वहीत होती. नेम चुकला, तर त्यांना आधी ती वही उघडावी लागे.

(समाप्त)